पीडी-१ची गुलाबी बाटली: दहा महिने वापरून

एक बाटली पूर्ण संपली, एक वाया गेली, तिसरी अर्धी झालीय. आता लिहायला हरकत नाही.

क्लोन (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशीवंशाचं नाव) ईएच१२.२एच७. माणसाच्या पीडी-१ (प्रोग्रॅम्ड डेथ-१, म्हणजे टी पेशी या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवरचं प्रथिन) विरुद्धची, उंदरापासूनची आयजीजी-१ कप्पा जातीची अँटीबॉडी, पीई हा लेझरखाली चमकणारा रंग जोडलेली. १०० टेस्टची बाटली म्हणजे अर्धा मिली गुलाबी पाणी. विभागात ती पहिल्यांदा आली तेव्हा सगळे येऊन बघून गेले, आणि किंमत ऐकून हळूच मागे सरकले.

आम्ही छत्रपती संभाजीनगरला तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या टी पेशींवर काम करतो. रुग्ण जालना, बीड, परभणीकडचे, बहुतेक गुटखा-तंबाखूवाले. रक्त आलं की फायकॉल या जड द्रवावर पेशी वेगळ्या करायच्या, रंगवायच्या आणि डबा मांडीवर घेऊन दुसऱ्या विभागातल्या फ्लो सायटोमीटरकडे (एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र) पळायचं.

पहिला महिना मी या बाटलीला नुसत्या शिव्या घातल्या. सीडी३ची (टी पेशींची ओळख असलेलं प्रथिन) अँटीबॉडी लावली की पडद्यावर दोन डोंगर दिसतात, डावीकडे न चमकणाऱ्या पेशींचा, उजवीकडे चमकणाऱ्यांचा, मधे स्वच्छ दरी. इथं एकच डोंगर आणि उजवीकडे लांबलचक घसरगुंडी. कुठून पुढच्या पेशी पॉझिटिव्ह म्हणायच्या? सर म्हणाले, क्लोनच भंगार दिसतोय. मग निरोगी माणसाच्या पेशी टी पेशींना चेतवणाऱ्या सीडी३/सीडी२८च्या मण्यांवर ४८ तास ठेवल्या आणि तीच अँटीबॉडी लावली. अख्खा डोंगर उजवीकडे सरकला! दोष बाटलीचा नव्हताच. निवांत टी पेशीवर पीडी-१ फार थोडा असतो, पेशी चेतवली की वर येतो, आणि रक्तात सगळ्या पायऱ्यांवरच्या पेशी एकत्र असतात. जपानात क्योटोला तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेला १९९२ मध्ये हा सापडला तो पेशींच्या मरणाचे जीन शोधताना, म्हणून नावात मरण. काम मात्र टी पेशीला आवरणाऱ्या ब्रेकचं. २०१८चं नोबेल त्यांना आणि अमेरिकेतल्या जेम्स ॲलिसन यांना मिळालं ते हे ब्रेक सोडवण्याबद्दल.

पॉझिटिव्हची रेघ कुठं मारायची हे एफएमओ नावाच्या कंट्रोलने सुटलं. बाकी सगळे रंग लावायचे, फक्त हा सोडायचा. त्याआधी मी आयसोटाइप कंट्रोलवर (त्याच जातीची, पण पीडी-१ला न चिकटणारी अँटीबॉडी) पैसे घातले होते, ते पाण्यात गेले असंच समजते.

कागदावर प्रत्येक टेस्टला ५ मायक्रोलिटर लिहिलंय. डोळे झाकून घालू नका. मी ५, २.५, १.२५ आणि ०.६ असं उतरत गेले. आमच्या पेशींना २.५ला डोंगर जागेवर राहिला आणि खालची धूळही (नको ती फुकटची चमक) कमी झाली. १०० टेस्टच्या २०० झाल्या. अनुदानाची वाट बघत बसणाऱ्यांना याचा अर्थ सांगायला नको.

आता वाया गेलेल्या बाटलीचं. कुरिअर नेमकं १७ सप्टेंबरला आलं. मुक्तिसंग्राम दिन, झेंडावंदन करून सगळे घरी. गेटवरच्या मामांनी डबा घेतला, उघडून बघितला आणि काळजीपोटी कॅन्टीनच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी मोठ्या कौतुकाने म्हणाले, "मॅडम, बर्फाच्या पिशव्यांचं पार पाणी झालतं. म्हणून वरच्या खान्यात ठिवलं. चांगलं गार हाय बगा." वरचा खाना म्हणजे बर्फाचा. बाटलीत गुलाबी खडा. वितळल्यावर रंग तसाच दिसत होता, म्हणून आशेने जुन्या बाटलीतल्या उरलेल्या थेंबांशी लावून बघितलं. चमक निम्म्याहून खाली. पीईला गोठवणं सोसत नाही. दोन ते आठ अंशांत, अंधारात ठेवायची वस्तू. खरं तर एक दिवस वितळलेल्या पिशव्यांत राहिली असती तरी चाललं असतं. मामांना काय बोलणार? पुरवठादाराला मात्र बोलले: सुट्टीच्या आदल्या दिवशी माल का सोडता? उत्तर आलं नाही.

एक गोष्ट वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी. एका रुग्णाच्या पेशींवर पीडी-१ जवळजवळ शून्य आला. चेतवलेला कंट्रोल ठीक, एफएमओ ठीक. आम्ही दोन दिवस हवेत, काहीतरी नवीन सापडलं म्हणून. मग फाईल नीट वाचली आणि मुलाला फोन केला. "हो की, मुंबईला इंजेक्शन चालू हाय, तीन-तीन आठवड्याला." निवोलुमॅब, पीडी-१वर बसून हा ब्रेक सोडवणारं कर्करोगाचं औषध. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये डोके-मानेच्या कर्करोगात २० मिलिग्रॅमचा छोटा डोस वापरून चाचणी प्रसिद्ध केली, तेव्हापासून हे औषध आमच्याकडच्या माणसांच्याही थोडं आवाक्यात आलंय. औषध पीडी-१वर बसलं की या क्लोनला तिथं जागाच उरत नाही, आणि एका डोसनंतर ते दोन महिन्यांहून जास्त काळ तिथं बसून राहतं. रिसेप्टर होताच, खुर्ची भरलेली होती. पेंब्रोलिझुमॅब या तसल्याच औषधाचंही तेच. दोन्ही औषधं म्हणजे आयजीजी-४ जातीच्या अँटीबॉडीच, म्हणून पेशी नीट धुऊन मानवी आयजीजी-४ विरुद्धची अँटीबॉडी लावली, तर तोच डोंगर तिथं उभा.

आता रक्त घेण्याआधी नातेवाइकाला पहिला प्रश्न मुंबईच्या इंजेक्शनचा असतो. चौथी बाटली मागवायचीय. क्लोन हाच. आणि डब्यावर मराठीत मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावायला सांगितलीय: मामा, खालच्या खान्यात.