गणपतीत घरी काय लावावे: ‘श्वास’ की ‘किल्ला’, अष्टपाद की कोळी?

गणपतीत चाकरमानी घरी आले, रात्रीची आरती आणि जेवणे आटोपली, की ओटीवर दरवर्षी एकच प्रश्न निघतो: आज काय लावायचे? मी चित्रपटांचा अभ्यासक नाही. हर्णैजवळच्या गावात राहणारा आणि पावसाळ्यात बंदर थंडावले की मिळेल ते पाहणारा साधा प्रेक्षक आहे. तरीही ज्यांच्या घरी आजीपासून नातवापर्यंत सगळे एकाच पडद्यासमोर बसणार आहेत, त्यांच्यासाठी माझी मते मांडत आहे.

पहिली निवड ‘श्वास’ आणि ‘किल्ला’ यांच्यातली. दोन्हींत कोकण आहे, लहान मुलगा आहे आणि त्याच्या आयुष्यातून काहीतरी कायमचे निघून जाणे आहे. दोन्हींची लांबीही पावणेदोन तासांच्या आसपास. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’मध्ये (2004) डोळ्यांच्या कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार, हे कळलेला आजोबा आहे आणि अरुण नलावडे यांनी तो असा उभा केला आहे की आपल्याच वाडीतले कोणीतरी शहरातल्या रुग्णालयात कागद हातात धरून गोंधळून उभे आहे असे वाटते. राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवणारा ‘श्यामची आई’नंतरचा हा पहिला मराठी चित्रपट. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ 2015 मध्ये प्रदर्शित झाला. त्याआधीच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळाने त्याला क्रिस्टल बेअर दिले होते. त्यात वडील गेल्यानंतर आईच्या बदलीमुळे पुण्याहून किनाऱ्यावरच्या छोट्या गावात आलेला अकरा वर्षांचा चिन्मय आहे.

फरक आहे तो कोकणाकडे पाहण्यात. ‘श्वास’मधले कोकण रुग्णालयाच्या खाटेवरून आठवायचे कोकण आहे, म्हणून ते मुंबईहून आलेल्यांना अधिक भिडते. ‘किल्ला’मध्ये मात्र हेच कोकण परके, ओले आणि थोडे भीतिदायक वाटते, कॅमेराही दिग्दर्शकानेच सांभाळलेला असल्यामुळे असेल, पण त्यातला पाऊस गाण्यांतला नाही, दोरीवरचे कपडे चार दिवस न सुकणारा आपला पाऊस आहे. गुहागर परिसरात त्याचे चित्रीकरण झाले, त्यामुळे आमच्याकडे निम्मा वेळ जागा ओळखण्यातच जातो, हा तोटाच मानावा लागेल. अमृता सुभाष यांनी साकारलेली आई मला या चित्रपटातली सर्वांत खरी व्यक्ती वाटली, कारण बदलीच्या गावी कार्यालयातले दडपण आणि घरातला अबोला एकाच वेळी पेलणाऱ्या बाया आम्ही तालुक्याच्या ठिकाणी रोज पाहतो. घरात दहा-बारा वर्षांची मुले असतील तर ‘किल्ला’च लावावा. ‘श्वास’ श्रेष्ठ आहे असे माझे मत असले, तरी तो सणाच्या रात्री पाहण्याचा चित्रपट नव्हे. डॉक्टर आजोबांना समजावू लागतात त्या प्रसंगी आमची आत्या दूध बघायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली, ती परतलीच नाही.

माहितीपटांत निवड अधिक अवघड आहे. ‘माय ऑक्टोपस टीचर’ला 2021 मध्ये ऑस्कर मिळाले. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ क्रेग फॉस्टर जवळजवळ वर्षभर थंड पाण्यात रोज बुडी मारून एका अष्टपाद मादीला भेटत राहतात. शार्कने तोडलेला तिचा हात पुन्हा उगवतो, तो भाग पाहताना अंगणातली पोरेसुद्धा गप्प झाली. अष्टपादाची जातभाई असलेली माकूल आम्ही लिलावात किलोवर मोजतो, त्यामुळे त्या प्रेमाने सुरुवातीला हसू येते आणि शेवटी येत नाही. निवेदन इंग्रजी असल्यामुळे आजीला शेजारी बसून सांगावे लागते, एवढीच अडचण.

याच्या उलट ‘सीस्पिरसी’ (2021), मासेमारीमुळे समुद्राचे होणारे नुकसान दाखवणारा माहितीपट. समुद्रातल्या प्लास्टिकमध्ये जाळ्यांचा वाटा मोठा आहे, हा त्यातला मुद्दा आमच्या पुळणीवर कोणालाही पटेल. परंतु 2048 पर्यंत समुद्र रिकामे होतील हे त्यातले विधान 2006 च्या ज्या अभ्यासावर उभे आहे, त्याच्या प्रमुख संशोधकानेच 2009 मध्ये इतरांबरोबर अधिक आशादायक निष्कर्ष मांडले होते. शिवाय मासे खाणे सोडा, हा त्यावरचा उपाय ज्याचे पोटच होडीवर आहे त्याला कसा लागू पडतो, याचे उत्तर त्यात सापडत नाही. मी तो सुचवणार नाही.

त्याऐवजी सर्वनिक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’ (2023) शोधून पाहावा. त्यात मुंबईतले दोन कोळी मित्र आहेत: एक वडिलांच्या होडीवर किनाऱ्याजवळच्या पारंपरिक मासेमारीला धरून राहिलेला, दुसरा परदेशात शिकून येऊन कर्ज काढून खोल समुद्रात जाणारा आणि एलईडी दिव्यांच्या, म्हणजे प्रखर उजेडाने मासे ओढून घेण्याच्या, मासेमारीकडे वळणारा. या पद्धतीवर केंद्र सरकारने 2017 मध्ये बंदी घातली आहे, आणि तिच्यावरून, तसेच माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवरून, आमच्या बंदरांवर किती भांडणे होतात हे वेगळे सांगायला नको. ‘सीस्पिरसी’त मासेमार बहुतेक दुरून दिसतो, येथे तो घरात, बाळाच्या आजारपणात आणि देण्याच्या हिशोबात दिसतो, आणि दोघांपैकी चूक कोणाची हे दिग्दर्शिका ठरवून देत नाही. भाषा मराठी आणि हिंदी असल्यामुळे आजीला काही सांगावे लागत नाही, उलट तीच आपल्याला सांगू लागते. सगळ्या माहितीपटांत माझी पसंती यालाच; मात्र ओटीवर दोन्ही मतांचे मासेमार बसणार असतील तर दुसऱ्या दिवशीच्या आरतीला सगळे येतील याची खात्री देता येत नाही.

वीज जाण्याची चिन्हे असतील तर या सगळ्याला बाजूला ठेवून ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ लावावा. तमिळनाडूतल्या मुदुमलईच्या जंगलात अनाथ हत्ती सांभाळणाऱ्या जोडप्याची ही गोष्ट सुमारे 40 मिनिटांची आहे, आणि तेवढा वेळ आमचा जुना इन्व्हर्टरसुद्धा काढतो.