कुल्लूला गेलात तर शाल घ्यावी की स्टोल?

आमचे हे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे सत्काराच्या शालींनी कपाटाचा एक खण गच्च भरलाय. सगळ्या अ‍ॅक्रिलिकच्या. खांद्यावरून घसरतात, केसांना चटचट करतात आणि आमच्या निफाडच्या जानेवारीत काडीचा उपयोग नाही. म्हणून मनालीच्या सहलीत खऱ्या लोकरीचंच घ्यायचं ठरवलं होतं.

भुट्टिको ही कुल्लूच्या विणकरांची १९४४ सालची सहकारी संस्था. तिच्या दुकानात गेलो. किमतीची चिठ्ठी मालालाच लावलेली, घासाघीस नाही. मला बरं वाटलं, जाऊबाईंचा मात्र हिरमोड झाला.

आधी पट्टू, म्हणजे तिथलं लोकरीचं नक्षीदार वस्त्र, पाहिला. तिकडच्या बायका तो अंगाभोवती गुंडाळून खांद्यांवर चांदीच्या पिनांनी अडकवतात. नक्षी अशी की हात फिरवत बसावं. पण किंमत पैठणीच्या घरातली, आणि इथे नेसणार कुठे? शाल दोन मीटर लांब, एक मीटर रुंद. घरात पाय पोटाशी घेऊन बसायला छान, पण बाहेर सारखी सावरावी लागते. एका हातात भाजीची पिशवी असली की संपलंच. मफलर स्कूटरवाल्यांसाठी ठीक, खांदे उघडेच राहतात.

मी घेतला मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीचा स्टोल. रुंदी शालीपेक्षा कमी, त्यामुळे गळ्याभोवती एक वेढा देऊन दोन्ही टोकं पुढे सोडली की छातीही झाकते आणि हात मोकळे. साडीवर चालतो, पंजाबी ड्रेसवर तर ओढणीच लागत नाही. टोचत नाही, हे महत्त्वाचं. स्थानिक मेंढीच्या लोकरीचा जास्त राकट असतो. मानेला लावून बघितल्याशिवाय घेऊ नका.

रस्त्यावरच्या काही दुकानांत ‘पश्मिना’ (बकरीची तलम लोकर) म्हणत अंगठीतून शाल ओढून दाखवतात. त्याला भुलू नका, व्हिस्कोजच्या कृत्रिम धाग्याची पातळ ओढणीसुद्धा अंगठीतून सर्रकन जाते. त्यापेक्षा नक्षीची बाजू उलटी करा. हातमागावर रंगीत धागा बोटांनी त्या-त्या फुलीपुरताच फिरवतात. यंत्रावरच्या मालात मागे लांब धागे लोंबतात, नाहीतर कापल्याची कुसं दिसतात.

धुवायचा गार पाण्यात, रिठ्याने. पिळायचा नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचा आणि सावलीत आडवा पसरायचा. मशीनमध्ये टाकलात तर नातीच्या बाहुलीला द्यावा लागेल.