युद्धानंतरचे जर्मन भयपट : गढीतला सरदार की शेजारच्या खोलीतला माणूस?

जर्मन भयपटांची आपली यादी बहुधा 'कॅलिगरी' (1920) आणि 'नोस्फेराटू' (1922) या दोन मूकपटांवर सुरू होते आणि तिथंच संपते. कुणी पुढे गेलंच, तर वेर्नर हेर्त्सोगच्या 1979 मधल्या 'नोस्फेराटू'पर्यंत. मधल्या काळात आणि नंतर काय झालं, हे सहसा कुणी विचारत नाही.

त्याला कारणही आहे. 1933 मध्ये नाझी सत्तेवर आले आणि सावल्यांशी खेळणारी बरीच मंडळी देश सोडून गेली. (या छायाप्रकाशाची एक धार त्याच सुमारास मालाडला पोचली. बॉम्बे टॉकीजचा छायालेखक योझेफ विर्शिंग मूळचा म्युनिकचा, आणि 1949 चा 'महल' त्यानंच टिपलेला.) युद्ध संपलं तेव्हा जर्मन शहरं ढिगाऱ्यांखाली होती. ज्यांनी खरी प्रेतं पाहिली होती, ते तिकीट काढून खोटी बघायला कशाला जातील? लोकांना हवे होते हिरवे माळ, जंगलं, गाणी. अशा 'हाइमाटफिल्म'ची लाट पन्नासच्या दशकात जोरात होती.

तरी भयपट बनले. मात्र ते दोन अगदी वेगळ्या घराण्यांचे आहेत, आणि सुरुवात कुठून करायची हे ठरवताना हा फरक डोक्यात असला की निम्मं काम होतं. पहिल्या घराण्यात गढी, सरदार, धुकं, तळघर. दुसऱ्यात भूत असतं किंवा नसतं, त्यानं फारसं बिघडत नाही. खरी भीती असते ती सगळं माहीत असून गप्प बसणाऱ्या माणसांची. माझा कल दुसऱ्याकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण प्रत्येक शनिवारी रात्री तेवढं ओझं उचलायची तयारी असते असं नाही.

गढीकडे जायचं असेल तर

इथे निवड दोन सिनेमांत आहे. हाराल्ड राइनलचा 'डी श्लांगेनग्रूबे उंड दास पेंडेल' (1967) आणि हान्स गाइसेनड्यॉर्फरचा 'योनाटान' (1970). तीन वर्षांचं अंतर, पण जणू दोन वेगळ्या देशांतले.

राइनल हा इंग्रज रहस्यकथाकार एडगर वॉलेसच्या कथांवरच्या रहस्यपटांचा आणि विनेटू या अपाची नायकाच्या जर्मन वेस्टर्नचा दिग्दर्शक. प्रेक्षकाला खुर्चीत कसं बसवून ठेवायचं हे त्याला पक्कं ठाऊक. कथा एडगर अॅलन पोच्या नावावर खपवली आहे, पण पोचा त्यात वाटा थोडाच. काउंट रेगुला (ख्रिस्तोफर ली) अमर होण्यासाठी बारा मुलींचे जीव घेतो, तेरावी निसटते, आणि त्याला चार घोड्यांना बांधून फाडण्याची शिक्षा होते. पस्तीस वर्षांनी लेक्स बार्कर आणि कारिन डोर यांना त्या गढीचं बोलावणं येतं. इथून पुढे सिनेमा म्हणजे जत्रेतलं भुताचं घर आहे : दार उघडलं की काहीतरी अंगावर येणार. एक प्रसंग मात्र या सगळ्याच्या वर जातो. बग्गी संध्याकाळी जंगलातून चालली आहे. आधी एका झाडाला प्रेत लटकलेलं दिसतं, मग दुसऱ्याला, मग खोडांमधून हात-पाय बाहेर आलेले. बग्गी थांबत नाही. पेटर थॉमसचं संगीत त्याखाली असं वाजत राहतं की भ्यावं की हसावं कळू नये. ली सुरुवातीला दिसतो आणि थेट शेवटाकडे परत येतो, त्यामुळे केवळ त्याच्यासाठी बसणार असाल तर मधला वेळ लांबेल.

'योनाटान'मध्ये असं काही घडण्याची वाट बघू नका. ड्रॅक्युलाचाच सांगाडा, पण इथले रक्तपिपासू म्हणजे एक राजवट आहे आणि गावकरी म्हणजे तिची रयत. 1968 चं विद्यार्थी आंदोलन नुकतंच होऊन गेलेलं, आणि ते सिनेमाच्या रोमारोमांत आहे. कॅमेरा रॉबी म्युलरचा. पुढे दिग्दर्शक विम वेंडर्ससोबत नाव कमावलेला हा छायालेखक इथे सलग, संथ सरकणाऱ्या दृश्यांतून छळछावणीसारखा एक मुलूख दाखवतो. अडचण ही की गोष्ट नीट पकडता येत नाही. संवाद कमी आणि प्रसंग सुटे सुटे. गाइसेनड्यॉर्फरनं पुढे 'लिंडेनश्ट्रासे' ही 34 वर्षांहून अधिक काळ चाललेली कौटुंबिक मालिका उभी केली, हे वाचल्यावर 'योनाटान' पुन्हा बघावासा वाटतो, इतका तो त्या मालिकेच्या दुसऱ्या टोकाला आहे.

मित्र जमले असतील तर राइनल. एकटे असाल, डोकं ताजं असेल आणि चित्रचौकटीकडे लक्ष देऊन बघायची सवय असेल तर गाइसेनड्यॉर्फर. उलट केलंत तर दोन्ही वाया जातील.

याच रांगेत विक्टर त्रिवासचा 'डी नाक्टे उंड डेअर झाटान' (1959) आहे : शास्त्रज्ञाचं कापलेलं मुंडकं टेबलावर जिवंत ठेवलेलं, आणि ते मुंडकं म्हणजे फ्रेंच सिनेमातला थोर नट मिशेल सिमों. नेपथ्य हेर्मान वार्मचं, जो 'कॅलिगरी'च्या नेपथ्यकारांपैकी एक होता. मूकपटांशी असा थेट धागा दुसरीकडे मिळणं कठीण. सिनेमा म्हणून सुमार आहे, पण त्या प्रयोगशाळेच्या भिंती बघण्यासाठी तासभर द्यायला हरकत नाही.

शेजारच्या खोलीतला माणूस

खरी तुलना इथे आहे, आणि माझ्या मते ज्याला एकच सिनेमा बघायचा आहे त्यानं तो या दोनांतून निवडावा.

पहिला, पेटर लोरेचा 'डेअर फरलोरेने' (1951). 1931 च्या 'एम'मध्ये लहान मुलांचा खुनी साकारलेला लोरे ज्यू होता. 1933 मध्ये जर्मनी सोडून तो हॉलिवूडला गेला. युद्धानंतर परत येऊन त्यानं आयुष्यातला एकमेव सिनेमा दिग्दर्शित केला. नायक डॉ. रोथे हॅम्बुर्गमध्ये संशोधन करणारा शास्त्रज्ञ. आपली वाग्दत्त वधू संशोधनाची गुपितं शत्रूला पुरवते आहे हे कळल्यावर तो तिचा गळा दाबतो. आता पुढचं बघा. काळ युद्धाचा, हा माणूस नाझी राजवटीच्या कामाचा, म्हणून प्रकरण आत्महत्या म्हणून मिटवलं जातं. रोथे शिक्षेची वाट बघत राहतो आणि शिक्षा येतच नाही. एका रात्री जिन्यावर एक वेश्या त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघते आणि किंचाळते : तिला एका नजरेत जे दिसलं, ते त्याच्या वरिष्ठांना बघायचंच नव्हतं. लोरे सबंध सिनेमाभर सिगरेट ओढतो, डोळे अर्धे मिटलेले, आवाज थकलेला. रूढ अर्थानं हा भयपट नव्हे, पण त्या जिन्यावरच्या किंकाळीइतकं दचकवणारं या यादीत फार थोडं आहे. त्याच 1951 साली 'ग्र्यून इस्ट डी हाइडे' या हिरव्या माळाच्या सिनेमाला तुफान गर्दी झाली. लोरेचा सिनेमा पडला आणि तो अमेरिकेला परत गेला.

दुसरा, उली लोमेलचा 'डी त्सेर्टलिशकाइट डेअर वोल्फे' (1973), म्हणजे लांडग्यांची माया. निर्मिती नामवंत जर्मन दिग्दर्शक राइनर वेर्नर फासबिंडरची, आणि त्याच्याच कंपूतल्या कुर्ट राबनं पटकथा लिहून मुख्य भूमिकाही केली. विषय फ्रित्स हारमान : हानोफरमध्ये 24 खुनांसाठी दोषी ठरलेला आणि 1925 मध्ये शिरच्छेद झालेला खुनी. सिनेमात मात्र काळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे, आणि हा बदल सिनेमाचं सोनं करतो. रेशन, काळाबाजार, मांसाची टंचाई. टक्कल केलेला, गुबगुबीत, मृदू बोलणारा राब स्टेशनवर पोलिसाच्या रुबाबात घर सोडून आलेल्या पोरांचे कागद तपासतो आणि त्यांना घरी नेतो. काही दिवसांनी ओळखीपाळखीत स्वस्त मांस वाटलं जातं. कुणी विचारत नाही, हे आलं कुठून. शेजारीण रात्री ठोकाठोकीचे आवाज ऐकते, तक्रारही करते; पण हारमान पोलिसांचा खबऱ्या आहे, आणि चांगला खबऱ्या कोण गमावणार? ब्रिगिटे मीरानं साकारलेली बाई त्याच्याकडून मांस घेते तो प्रसंग बघा : हसणं, थट्टा, पिशवी हातात. रक्ताचा थेंब नाही, तरी पोटात ढवळतं.

दोन्ही सिनेमांत गुन्हेगाराला लपवणारी माणसं आहेत. लोरेकडे ती वर बसलेली आहेत, कचेरीत; लोमेलकडे ती जिन्याखाली, जेवणाच्या टेबलाशी. लोरे तुम्हाला खुन्याच्या आत नेतो, त्यामुळे त्याची कीव येते आणि त्या किवेचीच लाज वाटते. लोमेल दूर उभा राहतो. हिंसा थेट बघवत नसेल तर लोरे. कृष्णधवल, जुन्या धाटणीचा. लोमेलकडे खुनाची दृश्यं थोडी आहेत, पण आहेत ती सुटकेची वाट ठेवत नाहीत, आणि बळी कोवळी पोरं आहेत. हे ज्यांना झेपणार नाही त्यांनी सरळ टाळावा. माझं मत विचाराल तर लोमेलचा सिनेमा वरचढ आहे, कारण त्यात पश्चात्तापाला जागाच नाही.

नवं हवं असेल तर

2010 नंतर जर्मन भयपटात जीव आला आहे, आणि गंमत म्हणजे त्यातलं बरंचसं चित्रपट संस्थांच्या विद्यार्थ्यांनी पदवीसाठी केलेलं काम आहे.

टिलमान सिंगरचा 'लूस' (2018) कलोनच्या माध्यम कला विद्यालयातला पदवीपट. 16 मिमी फिल्मवर, 70 मिनिटं. पोलीस चौकीतल्या सभागृहात टॅक्सीचालक तरुणीला संमोहित करून झालेला प्रकार पुन्हा घडवायला सांगतात. गाडी नाही, खुर्च्या मांडलेल्या. ती रिकाम्या हवेत दार उघडते आणि आपल्याला दार उघडल्याचा आवाज येतो. हातात काही नसताना ती गाडी चालवते, आणि रहदारी ऐकू येते. काचेच्या खोलीत बसलेला दुभाषा तिचं स्पॅनिश जर्मनमध्ये सांगत असतो, घाम पुसत. इतक्या कमी सामानात एवढा थरार मी दुसरीकडे पाहिलेला नाही. गोष्ट पहिल्या खेपेला पूर्ण कळत नाही, हे धरून चाला.

लुकास फाइगेलफेल्डचा 'हागात्सुसा' (2017) बर्लिनच्या चित्रपट अकादमीतला पदवीपट. पंधराव्या शतकातलं आल्प्स, शेळ्या राखणारी एकटी बाई, तिला चेटकीण ठरवणारं गाव. संवाद जवळपास नाहीत. दृश्यं बघत राहावीत अशी, पण हा सिनेमा तुम्हाला काही देण्याची घाई करत नाही. रात्री अकरानंतर लावलात तर झोप लागेल, आणि शेवटचा अर्धा तास बघितलात तर झोप उडेल. लहान बाळ घरात असलेल्यांनी हा पुढे ढकलावा.

मिखाएल वेनुसचा 'श्लाफ' (2020) या दोघांहून सोपा. दुःस्वप्नांनी पछाडलेली आई (सांड्रा ह्युलर) स्वप्नातलं हॉटेल शोधत एका खेड्यात जाते आणि तिथं सुन्न होऊन पडते. मुलगी मागोमाग जाते. हॉटेलमालक फार आतिथ्यशील आहे, गावही नीटनेटकं. त्याखाली काय पुरलंय, हे 'डेअर फरलोरेने' बघितलेल्याला लवकर कळेल : माणसं तीच, फक्त आता नातवंडांची पिढी. उत्तरार्धात सिनेमा जरा जास्तच समजावून सांगतो, ही खोट आहे. ह्युलरला 2023 च्या दोन गाजलेल्या सिनेमांत पाहून आवडली असेल तर इथून सुरुवात करा.

हलकं काही हवं असेल तर मार्विन क्रेनचा 'राम्बॉक' (2010) : 63 मिनिटं, बर्लिनच्या चाळवजा इमारतीचा चौक, झोंबी, आणि सोडून गेलेल्या मैत्रिणीच्या किल्ल्या परत करायला व्हिएन्नाहून आलेला एक बावळट नायक. संसर्ग झालेल्यानं शांत राहिलं तर रोग आटोक्यात राहतो, आणि नायकाचं नुकतंच प्रेमभंगानं काळीज फाटलेलं. घरच्यांसोबत, निदान मोठ्या मुलांसोबत, बघण्यासारखा या यादीत हाच.

कुठे जपून पाऊल टाकावं

यॉर्ग बुटगेराइटचा 'नेक्रोमांटिक' (1987) नावाप्रमाणेच आहे. प्रेतांवरचं प्रेम, सुपर 8 या घरगुती चित्रणाच्या फिल्मवर चित्रित. त्याच्या दुसऱ्या भागाची प्रत 1991 मध्ये म्युनिकच्या थिएटरातून पोलिसांनी जप्त केली होती. किळस सहन करण्याची पैज लावायची असेल तरच. त्यापेक्षा क्रिस्टोफ श्लिंगेनझीफचा 'दास डॉइचे केटनझेगेनमासाकर' (1990) बघा : जर्मनीचं एकीकरण नुकतंच झालेलं, पूर्वेकडून आनंदानं येणाऱ्या माणसांचे पश्चिमेतलं एक खाटीक कुटुंब सॉसेज करतं. आरडाओरडा सहन होत नसेल तर पंधरा मिनिटांत बंद कराल. तासाभराचा आहे, म्हणून चालून जातो.

शोधताना एक अडचण येईल. जुने सिनेमे इंग्रजीत वेगवेगळ्या नावांनी फिरतात. राइनलचा सिनेमा 'द टॉर्चर चेंबर ऑफ डॉक्टर सेडिझम' या नावानंही सापडेल आणि 'द ब्लड डेमन' या नावानंही. लोमेलचा 'टेंडरनेस ऑफ द वुल्व्ज', लोरेचा 'द लॉस्ट वन', 'श्लाफ' म्हणजे 'स्लीप'. त्यामुळे दिग्दर्शकाचं नाव आणि साल टाकून शोधा. इंग्रजी डबिंग मिळालं तरी जर्मन आवाज आणि सबटायटल्सच घ्या. राबचा तो लाडिक, हळू आवाज डबिंगमध्ये राहत नाही. आणि 'लूस' मोबाइलच्या स्पीकरवर बघू नका, हेडफोन लावा. त्यातली गाडी फक्त कानांनाच दिसते.