नागपुरात सुपरव्हिजन: जवळचा मानसतज्ज्ञ की दूरचा कला-उपचारतज्ज्ञ?

कला-उपचार, म्हणजे चित्रांसारख्या कलेतून मानसोपचार, शिकणाऱ्या नागपूरच्या विद्यार्थ्यापुढे सुपरव्हिजनसाठी (आपल्या केसेस अनुभवी तज्ज्ञाला दाखवून मार्गदर्शन घेण्यासाठी) बहुधा दोनच वाटा असतात: धंतोली-रामदासपेठेतला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट प्रत्यक्ष भेटतो, किंवा मुंबई-बंगळुरूचा कला-उपचारतज्ज्ञ स्क्रीनवर.

स्क्रीनवर पेशंटचं चित्र पोचतं, पण अर्धंच. क्रेयॉन इतका दाबला की कागद फाटला, मागच्या बाजूला काहीतरी खोडलंय, एवढ्या मोठ्या शीटच्या कोपऱ्यात इवलंसं घर: हे फोटोत सपाट होतं. टेबलावर मूळ कागद ठेवला की ते आपसूक दिसतं. मात्र दिसलेल्याचं काय करायचं हे जवळच्याला ठाऊक असेलच असं नाही. काळा रंग दिसला की ‘नैराश्य’ म्हणून मोकळं होणारे भेटतात! मुरलेला कला-उपचारतज्ज्ञ आधी विचारेल, डब्यात दुसरे रंग होते का? पेशंट स्वतः चित्राबद्दल काय म्हणाला? सेशननंतर तुम्हालाही चित्र काढायला लावेल, म्हणजे तुमच्या मनातलं पेशंटच्या माथी जात नाही.

फोटो पाठवण्यात गोपनीयतेचा प्रश्न आहेच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 पेशंटला गोपनीयतेचा हक्क देतो. लेखी संमती घ्या, नाव झाका, व्हॉट्सअ‍ॅप टाळा.

आत्महत्येचा धोका दिसला तर मात्र गावातलाच माणूस हवा. कोणत्या वॉर्डात, कुणाला फोन, हे त्याला पाठ असतं.

माझं मत विचाराल तर नियमित सुपरव्हिजन कला-उपचारतज्ज्ञाकडेच, ऑनलाइन का होईना. आणि अडीअडचणीसाठी इथल्या सायकॉलॉजिस्टशी पहिल्या केसच्या आधीच बोलून ठेवायचं.