एकच गाणे तीनदा : बॅड रिलिजनचे ‘८०–८५’

लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत १९८० साली शाळकरी मुलांनी सुरू केलेल्या बॅड रिलिजन या पंक (वेगवान, बंडखोर रॉक) बँडची पहिल्या पाच वर्षांतली गाणी एपिटाफ कंपनीने १९९१ मध्ये ‘८०–८५’ या नावाने एका सीडीवर एकत्र आणली. ‘हाउ कुड हेल बी एनी वर्स?’ हा १९८२ चा पहिला अल्बम तीत संपूर्ण आहे, शिवाय १९८१ ची पहिली ईपी (अल्बमपेक्षा छोटी, मोजक्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका), १९८५ ची ‘बॅक टू द नोन’ ही ईपी आणि ‘पब्लिक सर्व्हिस’ या संकलनासाठी दिलेली तीन गाणी आहेत. सगळी मिळून २८ गाणी होतात.

बँडच्याच नावाचे ‘बॅड रिलिजन’ हे गाणे यात तीन वेळा (पहिल्या ईपीत, ‘पब्लिक सर्व्हिस’च्या गाण्यांत आणि ‘बॅक टू द नोन’मध्ये) येते आणि माझ्या मते या संकलनाचे खरे मोल तिथेच आहे. पहिल्या ईपीत गायक ग्रेग ग्रॅफिन अवघा पंधरा-सोळा वर्षांचा आहे. ध्वनिमुद्रण ओबडधोबड, ड्रमचा आवाज पातळ, आणि तरीही शब्द फेकताना तो चाल सोडत नाही. त्या काळच्या हार्डकोरमध्ये, म्हणजे पंकच्या अधिक वेगवान आणि आक्रमक प्रकारात, ओरडणे हीच गायकी मानली जात असताना या मुलाला सुरांची ओढ होती, हे त्या कच्च्या मुद्रणातूनही स्पष्ट ऐकू येते. ‘बॅक टू द नोन’पर्यंत त्याचा गळा तयार झालेला आहे, गिटारवर आधीच्या ब्रेट गुरेविट्झच्या जागी सर्कल जर्क्स या दुसऱ्या पंक बँडचा ग्रेग हेटसन आहे, आणि तेच गाणे आता ठाम, सुरेल होऊन समोर येते. १९८८ च्या ‘सफर’ या अल्बमपासून या बँडची जी मेलोडिक (सुरेल) हार्डकोर शैली सर्वांना ओळखीची झाली, तिची पूर्वतयारी इतक्या जवळून दुसरीकडे कुठे ऐकायला मिळत नाही.

पहिल्या अल्बममधले ‘वी आर ओन्ली गॉना डाय’ आजही अंगावर येते; माणसाच्या अहंकारावर आणि विनाशावर इतक्या लहान वयात इतके थेट लिहिले गेले, याचे मला प्रत्येक वेळी नवल वाटते. सब्लाइम या बँडने १९९२ मध्ये ते आपल्या पद्धतीने पुन्हा गायले, यावरून त्याच्या चालीची ताकद कळावी. ‘बॅक टू द नोन’मधले ‘अलाँग द वे’ मात्र मला त्याहून जवळचे आहे.

एक उणीव खरोखर खटकते. १९८३ चा ‘इन्टू द अननोन’ हा सिंथेसायझर आणि प्रोग्रेसिव्ह रॉककडे (लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉककडे) वळलेला अल्बम यातून पूर्णपणे वगळला आहे. बँडला तो नकोसा झाला होता हे खरे. पण ‘बॅक टू द नोन’ हे नावच त्या अल्बमवरून माघार घेतल्याचे सांगणारे असल्यामुळे, निदान त्यातले एखादे गाणे असते तर ही माघार श्रोत्याला समजली असती. क्रमही कालानुसार नाही. आधीची ईपी अल्बमनंतर येते.

२००४ मध्ये हीच सगळी गाणी पहिल्या अल्बमच्या नावाने पुन्हा निघाली, त्यामुळे आता ‘८०–८५’ शोधत बसण्याची गरज नाही. नव्या श्रोत्याने मात्र पंधराव्या गाण्यापासून, म्हणजे पहिल्या ईपीपासून सुरुवात करावी, ती सहा गाणी संपली की पहिल्या अल्बमकडे यावे आणि ‘बॅक टू द नोन’ त्यानंतर ऐकावे.