युनिव्हर्सल रिमोट : आठ महिने वापरल्यानंतर

आमच्या टीपॉयवर पाच रिमोट असायचे. टीव्हीचा, सेटटॉप बॉक्सचा, साउंडबारचा, ब्लू-रे प्लेअरचा आणि स्ट्रीमिंग स्टिकचा. पाचही काळे, बहुतेक एकाच लांबीचे. अंधारात आवाज कमी करायला हात घातला की हमखास भलताच हाती लागायचा. आठ महिन्यांपूर्वी या सगळ्यांच्या जागी एक युनिव्हर्सल रिमोट आणला. कंपनीचं नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढे जे लिहिलंय त्यातलं बरंचसं या जातीच्या कुठल्याही रिमोटला लागू पडेल. साधी रबरी बटणं, इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडावर चालणारा, पोटात कोडांची यादी असलेला आणि जुन्या रिमोटकडून शिकू शकणारा. टचस्क्रीन नाही, वाय-फाय नाही, ॲप नाही.

ॲप नको हे आधीच ठरलं होतं. या प्रकारातलं सगळ्यात नावाजलेलं नाव म्हणजे लॉजिटेकचा हार्मनी. २०२१च्या एप्रिलमध्ये कंपनीनं ते रिमोट बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्यांच्याकडे आहेत त्यांची सेवा चालू ठेवू असंही सांगितलं, पण ज्या रिमोटची सगळी जुळवणी दुसऱ्याच्या सर्व्हरवर असते त्याचं आयुष्य आपल्या हातात उरत नाही. मला आपलं एक साधं, मुकं यंत्र हवं होतं. आणलं ते मुकं नाही, बहिरं निघालं. ही बहिरेपणाची गोष्टच पुढे आठ महिने पुरली.

सुरुवात छान झाली. सेटअपचं बटण लाल दिवा लागेपर्यंत दाबून धरायचं, पुस्तिकेतला चार आकडी कोड मारायचा, झालं. टीव्ही पहिल्याच कोडला बंद झाला म्हणून मी खूश झालो, आणि तिथेच फसलो. पॉवर आणि आवाज चालत होते, पण बाणांची बटणं ढिम्म. एकाच कंपनीचे पाच-सहा कोड दिलेले असतात, त्यातला जो टीव्ही बंद करतो तो पूर्ण जुळणारा असतोच असं नाही. तिसऱ्या कोडला मेनू, इनपुट, बाण सगळं चालू लागलं. तेव्हा कोड पक्का करण्याआधी निदान ही बटणं तरी दाबून बघा.

सेटटॉप बॉक्स यादीत नव्हता, म्हणून शिकवणी. दोन्ही रिमोट टेबलावर नाकाला नाक लावून ठेवायचे, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर जागा, नव्याचं बटण निवडायचं आणि मग जुन्याचं दाबायचं. दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर बसून केलं तर दर दुसऱ्या बटणाला चुकल्याचा दिवा. रिमोटच खराब आहे असं समजून मी तो परत करायच्या बेतात होतो. मग पडदा ओढला आणि एकामागोमाग एक वीस बटणं शिकला. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, शिकणाऱ्याच्या कानात नुसता गोंगाट. हे दुखणं जुनंच आहे म्हणा. झेनिथ कंपनीनं १९५५ साली टॉर्चसारखा प्रकाशझोत सोडणारा फ्लॅश-मॅटिक नावाचा रिमोट काढला होता. पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशसंवेदक, ज्या कोपऱ्यावर झोत मारू ते काम होणार. ऊन पडलं की टीव्ही आपोआप चॅनल बदलायचा. पुढच्याच वर्षी त्यांनी प्रकाश सोडून कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी धरल्या.

आताचे रिमोट यातून सुटतात ते लुकलुकण्यामुळे. रिमोटच्या टोकाचा दिवा सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो (काही कंपन्यांचा ३६ हजार, सोनीचा ४० हजार) आणि समोरचं उपकरण त्या वेगाच्या आसपास लुकलुकणाऱ्या उजेडाकडेच लक्ष देतं. हा दिवा जळतोय की नाही ते बघायला मोबाइलचा कॅमेरा वापरतात, तोही शक्यतो सेल्फीचा, कारण मागच्या कॅमेऱ्याला बरेचदा इन्फ्रारेड अडवणारी काच जास्त कडक असते. बटण दाबल्यावर पडद्यावर जांभळट ठिपका दिसला तर रिमोट बोलतोय. कोणी ऐकतंय की नाही, हा वेगळा मुद्दा.

आठवडाभरात दोन विचित्र गोष्टी लक्षात आल्या. पहिली, साउंडबारचा आवाज एका दाबाला तीन-तीन पायऱ्या चढायचा. चूक माझीच होती. आवाजाचं बटण शिकवताना जुन्या रिमोटवर बोट दाबून धरलं होतं, त्यामुळे नव्यानं तोच संदेश तीनदा ऐकून तीनदा पाठ केला. पुन्हा शिकवताना हलकेच एक टिचकी मारली, प्रश्न मिटला.

दुसरी गोष्ट जास्त छळवादी. १५५ नंबरचं चॅनल लागेचना. १ दाबा, ५ दाबा, ५ दाबा, पडद्यावर १५. सुरुवातीला वाटलं बटण अडकतंय. मग कळलं की फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत (आणि तिच्या भावकीत) प्रत्येक संदेशात एक बिट (शून्य किंवा एक अशी खूण) असं असतं की बटण सोडून पुन्हा दाबलं की ते उलटतं. त्यावरून उपकरणाला कळतं की हा नवा दाब आहे, बोट तसंच ठेवलेलं नाही. शिकलेल्या रिमोटनं संदेश जसाच्या तसा घोकलेला असतो, त्यात ते बिट कायमचं एकाच जागी गोठलेलं. माझा बॉक्स याच घराण्यातला, त्यामुळे दुसरा ५ त्याच्या लेखी पहिल्या ५चंच शेपूट. उपाय शोधायला महिना गेला. त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचा कोड यादीत होता, तो टाकला. यादीतल्या कोडांमध्ये रिमोट संदेश स्वतः रचतो, म्हणून बिट नीट उलटतं. त्या कोडात नसलेली चारच बटणं मग शिकवली. आता माझा नियम असा: आधी जवळपासचा कोड शोधायचा आणि शिकवणी फक्त उरलेल्या बटणांपुरती.

आता मॅक्रो, ज्यासाठी मी हा रिमोट घेतला. एक बटण दाबलं की टीव्ही चालू, साउंडबार चालू, टीव्हीचं इनपुट बॉक्सवर. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना बोलावून दाखवलं. दुसऱ्या संध्याकाळी टीव्ही आधीच चालू होता, मी बटण दाबलं आणि टीव्ही बंद होऊन साउंडबार चालू झाला. पुन्हा दाबलं, टीव्ही चालू, साउंडबार बंद. दोघांचा पाठशिवणीचा खेळ. आई म्हणाली, "अरे, जुन्या रिमोटनं निदान बंद तरी व्हायचा."

इथे तो बहिरेपणा नडतो. इन्फ्रारेड एकतर्फी आहे. रिमोट ओरडतो, पण टीव्ही चालू आहे की बंद हे त्याला कोणी सांगत नाही. आणि बहुतेक मूळ रिमोटवर चालू-बंदला एकच बटण असतं, म्हणजे संदेश "चालू हो" असा नसून "जे आहेस त्याच्या उलट हो" असा असतो. आपण डोळ्यांनी बघून दाबतो म्हणून निभावतं. मॅक्रोला डोळे नाहीत.

गंमत अशी की पुष्कळ उपकरणांना फक्त "चालू" आणि फक्त "बंद" असे वेगळे संदेश समजतात, मूळ रिमोटवर त्यांची बटणं नसतात एवढंच. माझ्या टीव्हीचे हे दोन्ही यादीतल्या दुसऱ्या एका कोडाखाली सापडले. ब्लू-रे प्लेअरचे नाही सापडले. काही टीव्ही स्टँडबायमध्ये असताना आकड्याचं बटण दाबलं तरी चालू होतात आणि आधीच चालू असतील तर फक्त चॅनल बदलतं, तो आडमार्गही ध्यानात ठेवण्यासारखा. शिवाय मॅक्रोमध्ये पायऱ्यांच्या मध्ये थांबे टाकावेच लागतात. माझा टीव्ही जागा व्हायला सहा-सात सेकंद घेतो. त्याआधी पाठवलेला इनपुटचा संदेश हवेत विरतो, आणि आपला रिमोट बहिरा असल्यामुळे तो खुशाल पुढच्या पायरीवर जातो. मॅक्रो संपेपर्यंत रिमोट टीव्हीकडे रोखून धरावा लागतो तो वेगळाच. दाबून लगेच खाली ठेवायची सवय घरात कोणाचीच जाईना, म्हणून शेवटी मॅक्रो मी छोटा केला.

तिसऱ्या महिन्यातला किस्सा. रात्री सगळं बंद करून झोपायला जायचो आणि सकाळी साउंडबारचा दिवा लागलेला असायचा. घरात एकमेकांवर संशय घेऊन झाला. कारण होतं एचडीएमआय सीईसी. एचडीएमआयच्या केबलमधून उपकरणं आपसात बोलतात ती ही सोय, सॅमसंग तिला ॲनीनेट प्लस म्हणतं, सोनी ब्राव्हिया सिंक, एलजी सिंपलिंक. टीव्ही बंद झाला की त्यानं केबलमधून साउंडबारलाही बंद केलं, आणि दोन सेकंदांनी माझ्या मॅक्रोनं साउंडबारला "उलट हो" सांगितलं. तो बिचारा आज्ञाधारकपणे चालू झाला. एक तर सीईसी बंद ठेवा नाहीतर मॅक्रोमधून पॉवर काढा, दोन्ही एकत्र नांदत नाहीत. मी साउंडबारची पॉवर सीईसीवर सोडली. तेव्हापासून चूक झालेली नाही, कारण ती उपकरणं एकमेकांचं ऐकतात तरी.

याच सीईसीनं स्ट्रीमिंग स्टिकचाही प्रश्न बराचसा सोडवला. फायर टीव्ही स्टिकसारख्या स्टिकना इन्फ्रारेडचा डोळाच नसतो, त्यांचा रिमोट ब्लूटूथवर बोलतो. प्लेस्टेशन ५चंही तेच. अशा उपकरणापुढे इन्फ्रारेड रिमोट कितीही ओरडला तरी उपयोग नाही, आणि खोक्यावर "सर्व उपकरणांसाठी" असं छापलेलं असतं तेव्हा हे कोणी सांगत नाही. पण सीईसी चालू असेल तर मी टीव्हीला बाण पाठवतो आणि टीव्ही तो केबलमधून स्टिकला पोचवतो. बाण, ओके, मागे आणि विराम एवढं होतं. होमचं बटण जात नाही, बोलून शोधणं तर नाहीच. म्हणून पाचातला एक रिमोट टीपॉयवर परत आला. म्हणजे हिशोब पाचाचा एक असा नाही, पाचाचे दोन असा आहे.

एसीलाही शिकवून बघितलं. करू नका. एसीचा रिमोट दर दाबाला तापमान, पंख्याचा वेग, मोड अशी सगळी स्थिती एकदम पाठवतो; त्याच्या स्वतःच्या पडद्यावर जे दिसतं ते सगळं. "तापमान वाढव" शिकवलं की प्रत्यक्षात "२५ अंश, कूल, मध्यम पंखा" एवढंच शिकवलेलं असतं आणि कितीदाही दाबलं तरी २५च. एक ठरावीक स्थिती आणि एक बंद, एवढ्या दोन बटणांपुरता उपयोग.

वस्तू म्हणून रिमोट बरा आहे. पाठ थोडी गोलाकार, हातात नीट बसते. बटणांखालचा उजेड पहिल्या आठवड्यात आवडला, नंतर बंद केला, कारण बोटांना जागा पाठ झाल्या आणि सेल वाचले. ओकेवरची अक्षरं पार पुसली आहेत. आवाज वाढवण्याचं बटण सहाव्या महिन्यापासून जरा जोरात दाबावं लागतं, आतल्या रबराच्या काळ्या टिकलीवर घाम-तेल साचत असावं. दोन ट्रिपल-ए सेलचा पहिला जोड पाच महिने चालला. रिचार्जेबल सेल घातले तर कमी बॅटरीचा दिवा फारच लवकर लागायला लागला, ते १.२ व्होल्टचे, साधे १.५चे. सेल बदलताना सगळी शिकवणी पुसली जाईल म्हणून धास्ती होती, तसं झालं नाही. सगळ्याच स्वस्त रिमोटांबद्दल ही खात्री देता येणार नाही, तेवढं घेण्याआधी विचारून घ्या.

आईच्या दृष्टीनं मात्र हा रिमोट सपशेल नापास होता. ४८ बटणं, त्यात वर "टीव्ही", "बॉक्स", "ऑडिओ" अशी मोडची बटणं. आवाजाचं तेच बटण कधी साउंडबारचा आवाज वाढवतं, कधी काहीच करत नाही. तिचं म्हणणं रास्त होतं. बटण तेच असेल तर कामही तेच झालं पाहिजे. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर एक सोय सापडली, कुठल्याही मोडमध्ये आवाजाची बटणं एकाच उपकरणाला बांधून टाकायची. ती साउंडबारला बांधली. बायकोनं सहा बटणांवर नेलपॉलिशचे ठिपके दिले, ते बोटाला लागतात. त्या दिवसानंतर आईची तक्रार नाही. नुसती ही बांधणी पहिल्या दिवशी केली असती तर दोन महिन्यांची कटकट वाचली असती.

कोणी घ्यावा? फक्त टीव्ही आणि साउंडबार असेल तर गरज नाही, सीईसी चालू करा आणि टीव्हीच्या रिमोटवर भागवा. सगळी उपकरणं ब्लूटूथची असतील तरी नको. तीन-चार इन्फ्रारेडची उपकरणं असतील आणि एखादा रविवार त्यावर घालवायची तयारी असेल तर जरूर घ्या. मी पुन्हा घेईन का? घेईन, पण मॅक्रोच्या हौसेनं नाही. मला रोज उपयोगी पडतात ती दोनच: आवाज कायम जागेवर असणं आणि इनपुट एका बटणात बदलणं.

जुने चारही रिमोट सेल काढून खणात ठेवले आहेत. सेल आत ठेवून विसरलं की ते गळतात आणि स्प्रिंगा खातात, आणि हे रिमोट पुन्हा लागणारच. मागच्याच महिन्यात टीव्हीच्या अपडेटनंतर एक बटण नव्यानं शिकवावं लागलं. चालणाऱ्या कोडांचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून नव्या रिमोटच्या झाकणाच्या आत चिकटवलेत. १५५वाला सगळ्यात वर, खाली दोन रेघा मारून.