चौदावं ग्रीन ते पंधरावा टी : ३४० पावलं

गोल्फच्या ट्रॉलीचं डावं चाक निखळलं ते नेमकं चौदाव्या ग्रीनवरून (बारीक गवताची जागा, जिथे होल संपतं) पंधराव्या टीकडे (पुढच्या होलचा पहिला फटका मारायची जागा) चढताना. सिमेंटच्या रस्त्यावरून ते गडगडत मागे गेलं आणि वळणाच्या खड्ड्यात आडवं झालं. मागून बग्गीतून आलेल्या दोघांनी हात हलवला आणि निघून गेले. रस्त्याच्या कडेला बसून पिन शोधता शोधता ठरवलं, की इथे येऊन आठ महिने झाले, आता या गोल्फ कोर्सबद्दल लिहायचंच.

अठरा होल (टीपासून ग्रीनवरच्या भोकापर्यंतचा एकेक टप्पा), प्रत्येकाला मागे-पुढे पाच टी, चार तळी, नावाजलेला डिझायनर, हे सगळं माहीतच असेल तुम्हाला. आल्यावर पहिले दोन महिने मी जो भेटेल त्याला कौतुक सांगत होतो. मी आधी खेळायचो तो जुना कोर्स सपाट, होल एकमेकांना खेटून, बाजूच्या फेअरवेवरून (टी ते ग्रीनमधला गवताचा पट्टा) 'फोर' ही सावधानतेची हाक ऐकली की डोकं झाकायचं. इथे प्रत्येक होल म्हणजे स्वतंत्र खोली. दुसरा माणूस दिसतसुद्धा नाही.

मग एका रविवारी पावलं मोजली. एका ग्रीनवरून पुढच्या टीपर्यंत, अशा सतरा चाली. बेरीज २,५०० च्या वर. म्हणजे साधारण पावणेदोन किलोमीटर असं चालणं, ज्यात एकही फटका मारायचा नाही. जुन्या कोर्सवर हीच बेरीज ७०० च्या आत होती. सगळ्यात लांब चाल ३४० पावलांची, आणि तीही चढाची.

काउंटरवर बोललो तर म्हणाले, "सर, हा कोर्स बग्गीसाठीच आखलाय." मग बोर्डावर तसं लिहा ना! बग्गीचं भाडं दर राउंडला वेगळं. पाय माझे आहेत आणि फुकट आहेत. यावर त्यांनी एका राउंडपुरती बग्गी मोफत देऊ केली. नाही घेतली. एकदा बूड टेकलं की सवय लागते.

खरं तर मुळात ही चाल नव्हतीच. १७४४ साली स्कॉटलंडमधल्या लीथच्या खेळाडूंनी जे तेरा नियम लिहून काढले, त्यातला पहिलाच असा, की पुढच्या होलचा चेंडू आधीच्या भोकापासून एका क्लबच्या (काठीच्या) लांबीच्या आत मांडायचा. पुटिंग (चेंडू हलकेच ढकलून भोकात घालणं) संपलं की तिथेच उभं राहून पुढचा फटका! त्याने भोकाभोवतीचं गवत पार उखडायचं, म्हणून टी वेगळे झाले, ते योग्यच. स्कॉटलंडमधल्याच सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर आजही सात ग्रीन दुहेरी आहेत, म्हणजे चौदा होल जोडीजोडीने एकेका ग्रीनवर संपतात. पण लांबीचा हव्यास तिथेही पोचलाच. २०१० च्या ओपन स्पर्धेसाठी सतराव्याचा टी ४० यार्ड मागे नेला, होल ४९५ यार्डांचं झालं. चेंडू लांब जायला लागला की टी मागे जातो, आणि टी मागे गेला की आपण उलटं चालतो.

डिझायनरची बाजू मला कळत नाही असं नाही. बग्गी गृहीत धरली की त्याला होलसाठी अठरा उत्तम जागा निवडता येतात, मधलं अंतर रस्त्याने जोडता येतं. पंधराव्या टीवरून दिसणारी दरी बघितली की वाटतं, यासाठी एवढा चढ चालेल. पण दोन होलच्या मधल्या जागेत बंगल्यांचे प्लॉट निघाले असतील तर तो युक्तिवाद माझ्यापुढे करू नये. आमच्याकडे सातव्या-आठव्याच्या मध्ये असे सहा आहेत.

दोन गोष्टींत मात्र मी मत बदललं. पहिली, ग्रीन. सुरुवातीला शिव्या घातल्या होत्या, कारण नवं वाळूचं ग्रीन दगडासारखं असतं. मुळांचा थर जमेपर्यंत सात नंबरच्या आयर्नचा (लोखंडी क्लबचा) चांगला फटकाही टप्पा घेऊन मागे पळतो. मग एका रात्री धो धो पाऊस झाला. सकाळी सातला फेअरवेवर बुटात पाणी शिरत होतं, आणि ग्रीनवर पाऊल टाकलं तर कोरडं. चेंडू ठेवायची लाकडी खुंटी खुपसून बघितली, टोकाला जेमतेम ओल. खाली खडीचा १० सेंटिमीटरचा थर आणि त्यावर ३० सेंटिमीटर वाळूचं मिश्रण, ही अमेरिकन गोल्फ संघटनेची १९६० पासूनची पद्धत. जुन्या कोर्सवर एवढ्या पावसानंतर तीन दिवस खेळ बंद म्हणून ग्रीनला दोरी लागायची. इथे त्या दिवशी सव्वासातला पुटिंग करत होतो. चूक माझी.

दुसरी, बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे. दोन महिने मी मागच्या टीवरून खेळलो. कारण विचारू नका, पुरुषी खाज. सहाव्याच्या उजवीकडचा मोठा बंकर मला निव्वळ शोभेचा वाटायचा, माझा ड्राइव्ह (टीवरून मारलेला लांब फटका) त्याच्या पन्नास यार्ड अलीकडेच पडायचा. पाठ धरली म्हणून नाइलाजाने दोन टी पुढे आलो, आणि तोच बंकर बरोबर माझ्या अंतरावर येऊन बसला. डावीकडे मोकळं मैदान आहे, पण तिथून ग्रीन आडवं दिसतं आणि पुढ्यात दुसरा बंकर. पहिल्याला चाटून गेलात तर ग्रीनचं तोंड सरळ उघडं. आता टीवर रोज उभा राहून माझा मीच वाद घालतो. डिझायनर मला विचारत होता, मीच चुकीच्या जागी उभा होतो.

सोळाव्याला मात्र विचारायची सोयच नाही. पाण्याच्या मधोमध ग्रीन, बाजूने वाट नाही. अमेरिकन डिझायनर पीट डायच्या, फ्लोरिडातल्या सॉग्रास कोर्सवरच्या सतराव्याची नक्कल. तिथे दुसरीकडे भरायला चांगली वाळू हवी होती, ती त्या जागेतून उपसली, मोठा खड्डा झाला आणि त्याची बायको ॲलिस डायने बेटाची कल्पना सुचवली. आमच्याकडे खड्डा मुद्दाम खणलाय. आठ महिन्यांत माझे एकोणतीस चेंडू तिथे बुडालेत, म्हणून जुने, चरे पडलेले चेंडू मी त्या होलसाठी वेगळ्या कप्प्यात ठेवतो.

आधुनिक म्हटलं की हे असंच व्हायला हवं असंही नाही. अमेरिकेत नेब्रास्कातलं सँड हिल्स १९९५ चं, कूर आणि क्रेनशॉ या डिझायनर जोडीने तिथे माती जवळजवळ हलवलीच नाही, वाळूच्या टेकड्यांत होल आधीच होते ते शोधले. ओरेगॉनचं बँडन ड्यून्स १९९९ चं, तिथे जवळजवळ सगळे चालतच खेळतात.

चाक बसवून घेतलंय. पूर्ण राउंड आता आठवड्यातून एकदाच. बाकी संध्याकाळी पहिलं, दुसरं, तिसरं खेळून झुडपांतल्या पायवाटेने थेट आठव्यावर जातो आणि नववं करून घरी. पाच होल, मधली चाल सगळी मिळून १९० पावलं. मार्शलने (कोर्सवरच्या देखरेख्याने) अजून हटकलेलं नाही.